गल्ला भरलेला, पण किल्ली कोणाकडे?

चिनी शेअरांत पैसे गुंतवणाऱ्या म्युच्युअल फंडांबद्दल वाचक अधूनमधून विचारतात. सोबत एक युक्तिवाद हमखास येतो: कंपनीकडे एवढी रोकड पडून आहे, मग भीती कसली? याचे उत्तर शोधायला शांघायला जायची गरज नाही. आधी आपल्याकडचे वाळूज आणि पैठण रस्त्यावरचे चितेगाव बघू.

1985 पासून वाळूजला कारखाना चालवणाऱ्या बजाज ऑटोकडे गेल्या काही वर्षांत पंधरा हजार कोटींहून अधिक गंगाजळी साठली. 2024 मध्ये कंपनीने 40 लाख शेअर परत विकत घ्यायचे ठरवले. भाव सात हजारांच्या आसपास होता, तरी तिने 10,000 रुपये मोजले. 4,000 कोटी असे भागधारकांकडे गेले. पुढच्या वर्षी शेअरमागे 210 रुपये लाभांश दिला. हा काही दानधर्म नव्हे. निम्म्याहून अधिक शेअर प्रवर्तकांचेच आहेत, म्हणजे लाभांशाच्या रुपयातले पन्नास पैशांहून जास्त त्यांच्याच घरी जातात. ऑस्ट्रियातल्या केटीएम या दुचाकी कंपनीला सावरायला 2025 मध्ये 80 कोटी युरो उभे करण्याचा निर्णय चुकला, तर मोठी झळही त्यांनाच बसेल. (तो निर्णय मला अजून पटायचा आहे, पण ते असो.) इथे मोठ्या आणि छोट्या भागधारकाचा खिसा एकाच सदऱ्याला शिवलेला आहे.

घरची मालकी म्हणजे हमी, असेही नाही. चितेगावच्या व्हिडिओकॉनवर धूत कुटुंबाचेच नियंत्रण होते. टीव्ही-फ्रिज विकता विकता ही कंपनी मोबाइल सेवेत आणि ब्राझील-मोझांबिकच्या तेल-वायूत शिरली, डोईजड कर्ज काढून. 2018 मध्ये ती दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. सुमारे 65,000 कोटींच्या दाव्यांसमोर 2021 मध्ये 2,962 कोटींची बोली मंजूर झाली आणि पुढे अपील न्यायाधिकरणाने तीही रद्द केली.

आता चीनकडे वळू. तिथल्या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे साधारण दोन-तृतीयांश शेअर 2005 पर्यंत बाजारात विकताच येत नसत. ते सरकारकडे किंवा नियंत्रण ठेवणाऱ्या मूळ कंपनीकडे असत. भाव चढला काय, पडला काय, त्यांना फारसे सोयरसुतक नव्हते. मग कंपनीतून कमवायचे कसे? सरळ रोकड उचलायची. मूळ कंपनी आपल्याच उपकंपनीकडून उसने घ्यायची आणि ताळेबंदात ही रक्कम 'इतर येणी' अशा साळसूद शीर्षकाखाली वर्षानुवर्षे बसून राहायची. 2005 मध्ये हे शेअर विक्रीयोग्य करायला सुरुवात झाली. त्यानंतर कंपन्यांनी रोकड साठवणे कमी केल्याचे अभ्यासकांना आढळले. खासगी नियंत्रणाखालच्या कंपन्यांत ही घट जास्त होती. मला यात नवल वाटत नाही. भाव वाढण्यात मालकाचा वाटा आला की गल्ल्यावरचा हात आपोआप सैल होतो.

सरकारी कंपन्यांची तऱ्हा वेगळी. 1994 ते 2007 या काळात चीनच्या सरकारी उद्योगसमूहांनी मालकाला, म्हणजे सरकारला, लाभांशच दिला नाही. नफा कंपनीतच राहिला आणि व्यवस्थापनाच्या मर्जीने नव्या कारखान्यांत गेला. 2007 नंतर बहुतेकांना पाच-दहा टक्के देणे भाग पडले. 2013 मध्ये, 2020 पर्यंत हा वाटा तीस टक्क्यांवर न्यायचे ठरले. उलट बाजू मावताई या दारू कंपनीची. तिच्या मूळ समूहाने 2019 च्या अखेरीस चार टक्के शेअर ग्वेझौ प्रांताच्या सरकारी भांडवल कंपनीला फुकट दिले. प्रांत कर्जबाजारी, कंपनी गडगंज. अशा मालकाला लाभांश हवाच असतो, म्हणून छोट्या भागधारकालाही तो मिळतो. पण उद्या प्रांताची गरज बदलली तर छोट्या भागधारकाला कोण विचारणार?

कधी कधी तर रोकड असतेच कुठे? कांगमेई या चिनी औषध कंपनीने 2017 च्या हिशेबात सुमारे 34 अब्ज युआन रोकड दाखवली होती. 2019 मध्ये कळले की त्यातले जवळपास 30 अब्ज नव्हतेच. आपल्याकडे सत्यमच्या रामलिंग राजूंनी 2009 मध्ये 5,040 कोटींची रोकड खोटी असल्याचे कबूल केले, त्याचीच ही मोठी आवृत्ती. कांगमेईच्या ताळेबंदात रोकडीच्या शेजारीच भलेमोठे कर्जही होते. गल्ल्यात पैसा असताना बाहेरून व्याजाने उचलणारा व्यापारी गुलमंडीच्या बाजारात दिसला, तर लोक दुसऱ्याच दिवशी त्याची उधारी बंद करतील. कांगमेईच्या लेखापरीक्षकांना मात्र त्यात काही वावगे दिसले नाही.

तेव्हा फंड विकणाऱ्याला विचारा: यादीतल्या पहिल्या दहा कंपन्यांचा अंतिम मालक कोण, रोकडीवर व्याज किती मिळाले आणि पाच वर्षांत लाभांश किती वाटला? तो पुन्हा रोकडीचाच आकडा दाखवू लागला, तर तुमचे पैसे बँकेतच बरे.