दोन खाड्या

दुबईवरचे मराठी प्रवासलेख वाचायला घेतले की पहिल्या परिच्छेदात विमानतळ येतो, दुसऱ्यात बुर्ज खलिफा. मग मॉलमधला बर्फ, वाळवंटातली सफर, सोन्याचा बाजार. आणि शेवटी 'इच्छाशक्ती असेल तर वाळूतही नंदनवन फुलते' असे म्हणून आपल्याकडच्या नगरपालिकांना एक टोमणा. मागच्या हिवाळ्यात मीही हे सारे पाहून आले. ८२८ मीटर उंचीच्या इमारतीवरून खाली डोकावले. भाड्याचा जाड कोट अंगात चढवून छपराखालच्या बर्फावरून चालले. मौज वाटली, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु रत्नागिरी जिल्ह्यातून, त्यातही संगमेश्वरातून गेलेल्या माणसाने दुबईबद्दल एवढेच लिहावे, हा मला आता अज्ञानाचा प्रकार वाटू लागला आहे; आणि मराठीच्या अध्यापकाने तसे लिहिणे तर त्याहून काहीतरी वाईट.

दुबईत मला सर्वांत ओळखीची वाटली ती खाडी. एका काठाला बर दुबई, दुसऱ्या काठाला देरा, आणि मधून माणसे ने-आण करणाऱ्या लाकडी आब्रा. आब्रा म्हणजे आपली तर. नाण्याचा एक दिरहम द्यायचा, फळीवर बसायचे आणि पलीकडे उतरायचे. देराच्या धक्क्यावर गलबते लागलेली असतात आणि काठावर खोकी, टायर, गोणी यांचे ढीग. १७८७ सालचा अल फाहिदी किल्ला जवळच आहे. त्याच्या पलीकडे बस्तकिया: इराणातल्या बस्तक भागातून आलेल्या व्यापाऱ्यांची वस्ती. घरांवर वारा खाली खेचणारे चौकोनी मनोरे उभे आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी इराणच्या किनाऱ्यावर जकात वाढली आणि दुबईच्या शासकाने ती माफ केली, म्हणून ही माणसे पाण्यापलीकडून इकडे आली. शहर वसवण्याचे हे तंत्र जुने आहे. आपल्या किनाऱ्यावरची बंदरेही जकातीच्या पायरीनेच वर चढली आणि खाली उतरली.

तेलापूर्वी दुबई मोत्यांवर जगत होती, आणि ते मोती विकले जात मुंबईत. १९३०च्या आसपास जपानच्या कल्चर्ड मोत्यांनी आणि जागतिक मंदीने तो धंदा बुडवला. त्यानंतरची तीस वर्षे त्या गावाने कशी काढली, हे आपल्या प्रवासलेखकांना सांगावेसे वाटत नाही, कारण त्यात छायाचित्र काढण्याजोगे काही नाही. मला मात्र सारी गोष्ट तिथेच आहे असे वाटते. खाडी गाळाने भरत चालली होती. शेख रशीद यांनी कुवेतकडून कर्ज घेतले आणि १९६०च्या सुमारास गाळ उपसून खाडी मोठ्या गलबतांसाठी खोल केली. तेल सापडले १९६६ साली. म्हणजे आधी खाडी, मग तेल. 'तेलाच्या पैशावर उभे राहिलेले शहर' हे आपले लाडके वाक्य निदान कालक्रमाने तरी चुकीचे आहे.

आता आपली खाडी. अलकनंदा आणि वरुणा यांचा संगम, कसब्यातले कर्णेश्वराचे देऊळ, १६८९ साली संभाजीराजांना इथेच झालेली अटक: संगमेश्वराची एवढी ओळख शाळेत होते. संगमेश्वर हे एके काळी बंदर होते, ही ओळख होत नाही. शास्त्री नदीच्या भरतीबरोबर जयगडहून मचवे आत येत. मग सह्याद्रीच्या उतारांवरची झाडी तुटत गेली, दर पावसाळ्यात माती खाली आली, पात्र उथळ झाले. गलबते खालच्या अंगाला फुणगुसापर्यंत थांबू लागली, आणि पुढे तीही थांबली. संपन्न बंदराचे रूपांतर पाहता पाहता महामार्गावरच्या एका थांब्यात झाले.

आणि आखाताशी आपले नाते तर दुबईहून जुने आहे. दाभोळला अरबी घोडे उतरत. अफानासी निकितिन हा रशियन प्रवासी पंधराव्या शतकात परतीच्या वाटेला लागला तो दाभोळहून, होर्मुझच्या दिशेने. १५०८च्या अखेरीस पोर्तुगिजांनी दाभोळ जाळले. अगदी अलीकडे, १९६६पर्यंत, दुबईच्या बाजारात रुपयाच चालत होता. १९५९पासून रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटाच छापल्या होत्या, कारण साध्या नोटांच्या मोबदल्यात सोने चोरवाटेने भारतात येत होते. आपल्याकडे १९६३मध्ये सुवर्णनियंत्रण आले आणि दहा तोळ्यांची बिस्किटे दुबईच्या गलबतांतून पश्चिम किनाऱ्यावर उतरू लागली. दुबईत तो कायदेशीर व्यापार होता. आपल्या किनाऱ्याला लागताच ती तस्करी होई. हिंदी सिनेमाने यावर दहा-पंधरा वर्षे गुजराण केली. मराठी कादंबरी काय करत होती?

हा प्रश्न मला बर दुबईतल्या एका कापडाच्या दुकानात पडला. भावजयीशी मी मराठीत बोलत होते. ठाण घडी करणारे साठीपलीकडचे गृहस्थ थांबले आणि म्हणाले, "गाव कंचा तुमचा, बाई?" फुणगुसाचे होते. १९७९ साली आले. आधी गोदीत हमाली, मग हे दुकान. संगमेश्वरी बोली इतकी अस्सल, की आमच्या विद्यार्थ्यांनीही आता ती तशी टिकवलेली नाही. खाडी पाहिलीत का, म्हणून त्यांनी विचारले. पाहिली म्हटल्यावर म्हणाले, "आमच्या खाडीसारकीच हाय. हिचा गाळ काढलानी, आमचीचा कुनी काढलान नाय." मी म्हटले, "चाचा, हे तुम्ही कुठेतरी लिहून ठेवा." ते हसले. शिक्षण उर्दू शाळेत चौथीपर्यंत झालेले. घरी बोलतात ती भाषा त्यांनी कधी लिहिलेलीच नव्हती.

मला वाटते, गाठ इथे आहे. मुंबईला गेलेला चाकरमानी आपल्या वाङ्मयात केव्हाच आला. त्याची मनीऑर्डर, त्याची गणपतीची रजा, त्याने मागे ठेवलेली बाई, यांवर कोकणातल्या कथेची दोन पिढ्या उपजीविका झाली. त्याच गावातून, पुष्कळदा शेजारच्याच घरातून कुवेत, मस्कत, दुबईला गेलेला माणूस मात्र मी वाचलेल्या आणि शिकवलेल्या मराठी कथा-कादंबऱ्यांत जवळजवळ भेटत नाही. भेटलाच तर सुट्टीवर आलेला, अत्तराचा वास मारणारा, हातात टेपरेकॉर्डर असलेला उपहासविषय म्हणून. मिरजोळीच्या हमीद दलवाईंनी 'इंधन' लिहून कोकणी मुसलमानाचे घर मराठी कादंबरीत आणले ते १९६५ साली, दुबईत तेल सापडण्याच्या आदल्या वर्षी. त्यानंतर त्या घरातला मुलगा समुद्रापार गेला आणि आपण दार लावून घेतले. मल्याळममध्ये बेन्यामिन यांची 'आडुजीवितम' २००८ साली आली आणि घरोघर वाचली गेली. केरळातून माणसे जास्त गेली हे खरेच. पण जाणारा, घरी पत्र लिहिणारा आणि कादंबरी वाचणारा तिथे एकाच भाषेत होता. आपल्याकडे जाणारा मराठी बोलला, उर्दू शिकला, आणि दोन्हींच्या वाङ्मयीन नकाशावर काठाला राहिला. यात दोष त्याचा नाही. प्रमाण मराठीच्या पहारेकऱ्यांचा आहे, आणि त्यांत मी आहे.

दुबईच्या कडेला कामगारांच्या छावण्या असलेल्या एका भागाला सोनापूर म्हणतात. मुंबईच्या मराठी माणसाला सोनापूर म्हणजे स्मशान. हा योगायोग कोणाही मराठी लेखकाने टिपावा असा. प्रवासी कंपनीच्या बसचा रस्ता मात्र तिकडून जात नाही. मीही गेले नाही. ज्यांनी ते मनोरे बांधले त्यांच्या खोल्या पाहण्याऐवजी मी मनोऱ्याच्या तिकिटासाठी रांगेत उभी राहिले, ही कबुली इथे द्यायलाच हवी.

आणखी एक कबुली. २००६ साली, नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांत, द्वितीय वर्षाच्या वर्गाला मी 'माझे वडील' या विषयावर निबंध लिहायला सांगितला होता. एका मुलीने लिहिले होते की तिचे अब्बा दर दोन वर्षांनी महिनाभर येत, आणि तिला त्यांचा चेहरा लवकर ओळखू येत नसे, आवाज येत असे; कारण त्यांनी पाठवलेल्या कॅसेटी आई रोज रात्री लावत असे. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूवर आई, आजी आणि ती स्वतः बोलत, आणि गावातले कोणी परत जायला निघाले की त्याच्या सामानात ती कॅसेट जाई. पोरीला बोलायला काही सुचत नसे तेव्हा आजी तिला कोंबडीचा आवाज काढायला लावी. सव्वा पान होते. निबंधाला रीतसर प्रस्तावना नव्हती, समारोप नव्हता, बोलीतले शब्द जागोजाग होते. मी दहापैकी चार गुण दिले.

दुबईहून परतल्यावर ती वही शोधली. अर्थातच मिळाली नाही, इतकी वर्षे कोण ठेवते. पण लाल शाईच्या काही खुणा आठवतात. व्हिसाला तिने 'विजा' लिहिले होते. 'अब्बांचा विजा संपला म्हणून ते त्या साली आले ते परत गेलेच नाहीत,' असे काहीसे वाक्य होते. त्या 'विजा'खाली मी रेघ ओढली होती आणि समासात प्रश्नचिन्ह काढले होते.