सांकेतिक लिपीतील श्रद्धा

अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यात रिद्धपूर हे गाव आहे. गाव लहान, परंतु मराठी भाषेच्या इतिहासात त्याचे स्थान फार मोठे आहे. श्रीगोविंदप्रभूंच्या वास्तव्यामुळे महानुभावांना ते तीर्थस्वरूप झाले आणि श्रीचक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर त्यांचे शिष्य तेथे एकत्र आले. म्हाइंभटांनी स्वामींच्या आठवणी माणसामाणसाकडून गोळा केल्या आणि 1278 च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ हा मराठीचा आद्य गद्य चरित्रग्रंथ सिद्ध झाला. पंथाचे आचार्य नागदेव यांच्यापुढे विद्वान केशोबासांनी संस्कृतात लिहिण्याचा विचार मांडला, तेव्हा आचार्यांनी तो मानला नाही. संस्कृतात लिहिले तर पंथातील म्हाताऱ्या बायका स्वामींच्या वचनाला मुकतील, हे त्यांचे कारण. सातशे वर्षांपूर्वीचा हा निर्णय किती धीट होता!

आणि त्याच ग्रंथांचे पुढे काय झाले? चौदाव्या शतकापासून ते सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले जाऊ लागले. ग्रंथांचे पावित्र्य राहावे हा एक हेतू. ते परक्यांच्या हाती पडून त्यांची विटंबना होऊ नये हा दुसरा. ग्रंथ राहिले, ही त्या भक्तांची थोर सेवा आहे. पण म्हाताऱ्यांसाठी लिहिलेली मराठी मराठी माणसालाच अनोळखी झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांनी त्या लिप्यांचा उलगडा केला, तोवर पाच शतकांहून अधिक काळ लोटला होता. दरम्यान लोकांनी या पंथाविषयी वाटेल ते समज करून घेतले. ‘मानभावी’ हा शब्द मराठीत ‘दांभिक’ या अर्थाने रुळला, तो याच पंथाच्या नावावरून. हे सारे लिपीमुळेच घडले असे म्हणणे अन्यायाचे होईल. द्वेषाचे पाप द्वेष करणाऱ्याच्याच माथी. परंतु निंदकांना जे पुस्तक उत्तर देऊ शकले असते, तेच कुलूपबंद होते.

वाचक विचारतील, कॅथलिक कुटुंबांसाठीच्या नियतकालिकात ही कथा कशासाठी? याचसाठी की, आपणही आज आपली श्रद्धा सांकेतिक लिपीत लिहू लागलो आहोत.

आपल्या घरांकडे पाहा. पूर्वी ओटीवर मांडला जाणारा नाताळचा गोठा आता आतल्या खोलीत गेला आहे. गळ्यातील क्रूस कचेरीच्या पायरीवर सदऱ्याच्या आत सरकतो. सहकाऱ्याने विचारले, “रविवारी कुठे होता?” तर उत्तर येते, “जरा बाहेर गेलो होतो.” मुलाला शाळेत कोणी धर्माविषयी डिवचले तर आपण त्याला उत्तर शिकवत नाही, गप्प राहायला शिकवतो. आणि या सगळ्याला आपण एक भारदस्त नाव दिले आहे: शहाणपण.

काळ कठीण आहे, हे कोण नाकारील? प्रार्थनासभांत व्यत्यय आणला गेला आहे, प्रार्थनामंदिरांची नासधूस झाली आहे, व्रतस्थ भगिनींचा अपमान झाला आहे. भय निराधार नाही. भय वाटणे हे पापही नाही; गेथशेमनी बागेत खुद्द प्रभू व्याकूळ झाला होता. माझा आक्षेप भयाला नाही. भयाला घराचा कारभारी करण्याला आहे.

आपले शहाणे लोक मत्तयच्या शुभवर्तमानातील दहाव्या अध्यायाचा दाखला देतात. प्रभूनेच शिष्यांना सर्पासारखे चतुर व्हा म्हणून सांगितले आहे. एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी जा, असेही म्हटले आहे. खरे आहे. पण वाक्य अर्ध्यावर का सोडावे? तेथेच कबुतराचे निष्कपटपण मागितले आहे. दुसऱ्या गावी जायचे ते तोंड लपवायला नव्हे, तेथे सुवार्ता सांगायला. आणि त्याच अध्यायात कानात ऐकलेले घराच्या धाब्यावरून सांगण्याची आज्ञा आहे. चातुर्य म्हणजे कसे बोलावे याचा विवेक. बोलूच नये असा त्याचा अर्थ नाही.

कोणी जपानचे उदाहरण देईल. तेथे 1614 साली ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. पुढे अडीचशे वर्षे धर्मगुरूंविना, गुप्तपणे श्रद्धा जपणारे लोक 1865 साली नागासाकीच्या मंदिरात प्रकट झाले. त्यांच्यापुढे मी नतमस्तक आहे. पण त्यांच्या मानेवर तलवार होती. आपल्यापुढे पुष्कळदा केवळ शेजाऱ्याच्या भुवईचा प्रश्न असतो. त्यांच्या अगतिकतेचा झगा आपल्या संकोचाला चढवू नये.

दुसरी एक चूक आपल्या भाविक मंडळींकडून होते. “देवावर भरवसा ठेव, तुला काही होणार नाही,” असे ती सांगतात. प्रभूने असे वचन कधीच दिलेले नाही. चिमणी जमिनीवर पडणारच नाही, असे तो म्हणत नाही. पित्याच्या नजरेआड ती पडत नाही, असे म्हणतो. या दोहोंत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पहिला भरवसा विम्याच्या पावतीसारखा आहे. पहिला हप्ता बुडताच तो संपतो. दुसरा पडल्यानंतरही टिकतो.

मध्य प्रदेशातील उदयनगर परिसरात सिस्टर राणी मारिया भूमिहीन मजुरांच्या बाजूने उभ्या राहिल्या. 25 फेब्रुवारी 1995 रोजी इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये त्यांची हत्या झाली. चिमणी पडली. पण त्यांच्या धाकट्या बहिणीने, तीही व्रतस्थ, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली; आणि 2017 साली इंदूर येथे सिस्टरांना धन्यवादित घोषित करण्यात आले. भरवसा फुकट गेला असे येथे कोण म्हणेल?

आपल्या मराठीतले उदाहरण तर अगदी जवळचे आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची 93व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा केवळ ते धर्मगुरू आहेत म्हणून विरोध झाला, धमक्या आल्या. आजाराचे कारण पुढे करून घरी राहणे त्यांना सहज शक्य होते. प्रकृती खरोखरच साथ देत नव्हती. तरीही जानेवारी 2020 मध्ये ते उस्मानाबादला गेले आणि व्यासपीठावरून आपल्या मराठीत बोलले. 2024 साली ते गेले. ज्या महाराष्ट्राने त्यांना निवडले, त्याच महाराष्ट्राची आपल्याला एवढी धास्ती का वाटावी?

धीट होणे म्हणजे आरडाओरडा करणे नव्हे. ध्वनिक्षेपक लावून शेजाऱ्याची झोप मोडणारी श्रद्धा हीदेखील भयाचीच दुसरी तऱ्हा आहे. भरवसा असलेला माणूस शांतपणे बोलतो आणि दुसऱ्याचे ऐकूनही घेतो. आपल्या दोषांविषयी कोणी विचारले तर ते कबूल करण्याचे धैर्यही त्याच भरवशातून येते.

तेव्हा या नाताळात गोठा पुन्हा ओटीवर येऊ द्या. शेजारच्या मुलांना तो पाहायला बोलवा आणि त्यांनी विचारलेल्या प्रश्नांना सोप्या मराठीत उत्तरे द्या. रविवारी कुठे होता, या प्रश्नाला “मिस्साला गेलो होतो” एवढे तीन शब्द पुरेत. अमरावती धर्मप्रांताच्या स्थापनेला 1955 पासून सत्तर वर्षे होऊन गेली. इतक्या वर्षांच्या सहवासानंतर वऱ्हाडाने आपल्याविषयी अंदाज का बांधावेत? आपण सांगावे.

ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठही स्थापन झाले आहे. जे ग्रंथ एकेकाळी किल्लीवाचून वाचता येत नव्हते, ते आज भाषेची प्रतिष्ठा ठरले आहेत. आपल्यापाशीही एक ग्रंथ आहे, आणि तो उलगडायला कोणी संशोधक येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. नागदेवाचार्यांना म्हाताऱ्यांची काळजी होती. आपण नातवंडांची करू या. आपण श्रद्धा लपवून ठेवली, तर ती किल्ली त्यांच्या हाती कोण देणार?