रोजा, गोळी आणि बीपीचं मशीन

रमजान लागला की बीपीची सकाळची गोळी हिवरखेडातही काही जण परस्पर बंद करतात. हे चुकतं. ती सहेरीला घ्यायची की इफ्तारनंतर, हे डॉक्टरांनी ठरवावं. त्यासाठी घरचे आकडे हवेत. मशीन दंडाला पट्टा बांधायचंच घ्यावं, मनगटाचं नको. पट्टा आखूड पडला तर बीपी उगाच जास्त दिसतं. भजी-चहा झाल्याबरोबर मोजू नये. इफ्तारआधी पाच मिनिटं पाठ टेकून, न बोलता बसावं, मिनिटभराच्या अंतरानं दोनदा मोजून वहीत लिहावं. मोजल्यानं रोजा तुटत नाही. आजाऱ्याला रोजे पुढे ढकलायची मुभा तर कुराणाच्या सूरह बकरातच आहे; ती घेणाऱ्याकडे वाकड्या नजरेनं का पाहावं? घरचा आकडा सतत 135/85च्या वर राहिला, तर वही घेऊन दवाखाना गाठावा. नवरात्राच्या उपवासातही हीच वही कामी येते.