खरेदी म्हणजे धंदा नव्हे

थ्रिफ्ट स्टोरमधून जुने कपडे घ्यायचे, धुऊन-शिवून नीट करायचे आणि ऑनलाइन विकायचे, हा जोडधंदा अमेरिकेत चांगला रुजला आहे. १९९५मध्ये ईबे सुरू झाले, २००५मध्ये एट्सी आले, २०११मध्ये पॉशमार्क आणि डेपॉप. दुकानाचे भाडे नाही, भांडवल जेमतेम. त्यामुळे नोकरी सांभाळून हे काम करणारे पुष्कळ आहेत. त्यांतल्या अनेकांची अडचण विक्रीची नसते, खरेदी थांबत नाही ही असते. गराजमध्ये डब्यांवर डबे चढतात, पाहुण्यांच्या खोलीतला पलंग कपड्यांखाली दिसेनासा होतो, आणि शनिवार उजाडला की पाय पुन्हा दुकानाकडे वळतात. ज्याचे फोटोही काढून झालेले नाहीत अशा मालाच्या ढिगाला या धंद्यात ‘डेथ पाइल’ म्हणतात.

हा मोह कशाचा असतो, हे रॅकवरून एक जुना कोट काढताना दिसते. जाणता हात आधी कापड चाचपतो, मग अस्तर उलटून लेबले शोधतो. आयएलजीडब्ल्यूयू या कामगार संघटनेचे लेबल असेल तर कोट साधारण १९९५पर्यंतचा, कारण त्या वर्षी ती संघटना दुसरीत विलीन झाली. धुण्याच्या सूचनांची पट्टी मुळातच नसेल तर तो बहुधा १९७२च्या आधीचा, कारण अशी पट्टी त्यानंतर सक्तीची झाली. लीवायच्या जीन्सवरच्या लाल पट्टीत ‘ई’ हे अक्षर कॅपिटल असेल तर ती १९७१च्या आधीची. ही विद्या खरी आहे आणि कष्टाने मिळवलेली आहे. दहा डॉलरची चिठ्ठी लावलेल्या कोटाची खरी किंमत ओळखण्याचा आनंदही खरा आहे. पण तो आनंद खरेदीच्या क्षणीच मिळून जातो. डाग काढणे, बटण लावणे, छाती-कंबर-लांबीची मापे घेणे, वर्णन लिहिणे, खोके बांधणे हे सगळे नंतरचे. त्यात कौतुक कमी आणि कष्ट जास्त.

शिवाय दुकानात काय हाती लागेल याचा भरवसा नसतो. कधी मिळेल हे सांगता न येणारे बक्षीस सवय सर्वांत चिवट करते, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी पारव्यांवरच्या प्रयोगांतून दाखवले होते. पाच फेऱ्या रिकाम्या गेल्या तरी सहावी चुकवावीशी वाटत नाही ती यामुळे. त्यात अमुक रंगाच्या चिठ्ठीवर आज निम्मी किंमत, अशी घाई दुकान लावतेच.

घेणारा स्वतःला जी कारणे देतो ती तपासून पाहायला हवीत. पहिले कारण, हा कपडा पुन्हा मिळणार नाही. एका नगापुरते ते खरे आहे, ओघाच्या बाबतीत नाही. एट्सीवर वीस वर्षांपूर्वीची वस्तू व्हिंटेज धरली जाते. म्हणजे दर वर्षी आणखी एका वर्षाचे कपडे त्यात येऊन पडतात. माल संपण्याची भीती निराधार आहे.

दुसरे कारण अधिक भले आहे, म्हणून अधिक अवघडही: आपण हे कपडे कचऱ्यात जाण्यापासून वाचवतो. जुनी साडी बोहारणीला देऊन भांडे घेणाऱ्या घरांत वाढलेल्या मराठी माणसाला ते लगेच पटते. १९७०च्या दशकातला ‘मेड इन इंडिया’ लेबलाचा सुती झगा परक्या रॅकवर दिसला की तो तिथेच सोडून येणे जिवावर येते. पण कपडा वाचतो तो कोणीतरी अंगात घातल्यावर. डब्यात लोकरीला कसर लागते, रेशीम घडीवर चिरते, इलॅस्टिकचा ताण जातो, ड्रायक्लीनच्या प्लास्टिक पिशवीत पांढरे कापड पिवळे पडते. दुकानात राहिला असता तर तो कोट कदाचित याच हिवाळ्यात कोणाच्या तरी अंगावर असता.

तिसरे कारण, हा खर्च नव्हे, गुंतवणूक आहे. इथे हिशेबच मांडावा. आठ डॉलरचा झगा पॉशमार्कवर पस्तीसला विकला, तर वीस टक्के म्हणजे सात डॉलर साइटचे. खरेदी वजा जाता वीस उरले. धुणे, दोरा, पेट्रोल आणि तासाभराची मेहनत त्यातूनच भागवायची. असे तीन झगे न विकता पडून राहिले की एका विक्रीची सगळी कमाई त्यांतच अडकली. करात सूट मिळेल ही समजूतही तोकडी आहे: न विकलेल्या मालाची किंमत साधारणपणे तो विकला जाईपर्यंत वजा करता येत नाही. ‘माल’ या नावाखाली खर्च झाकला जातो, म्हणूनच ही खरेदी साध्या कपडेखरेदीपेक्षा थांबवायला कठीण.

‘आजपासून एकही कपडा घेणार नाही’ हा निश्चय सहसा टिकत नाही. ढीग तसाच राहतो आणि मोकळा शनिवारही. त्यापेक्षा खरेदीला विक्रीची वेसण घालावी. धंद्याचे खाते वेगळे ठेवावे, त्यात फक्त विक्रीचे पैसे यावेत, आणि खरेदी त्यातूनच व्हावी. खाते रिकामे असेल तर दुकानात जाऊ नये. नवा एक नग आणायचा तर आधी ढिगातले पाच साइटवर चढवावेत. दुकानात उभे असतानाच ईबेवर त्या जातीचे विकले गेलेले नग पाहावेत. मागितलेली किंमत कोणीही कितीही लिहू शकतो, मिळालेली तेवढी खरी. दुरुस्ती लागणारा कपडा, ती याच आठवड्यात होणार नसेल तर, सोडावा. अनेकांना सर्वांत जड जाते ते मित्रमंडळींबरोबरची शनिवारची फेरी सोडणे. ती वेळ एकत्र बसून फोटो काढण्याला दिली तर सोबत तुटत नाही.

उरलेल्या ढिगातले जे वर्षभर हातात घेतले नाही, ते दुसऱ्या विक्रेत्याला ठोक द्यावे, भाव पडला तरी. जुन्या ढंगाचे कोट-झगे कॉलेजांच्या नाट्यविभागांना विचारून देता येतात. विरलेल्याची फडकी करावीत.

क्रेडिट कार्डाची बिले घरच्यांपासून लपवली जात असतील, तर प्रश्न धंद्याचा राहिलेला नाही. तिथे हिशेबाच्या युक्त्या पुरत नाहीत. समुपदेशक गाठावा, किंवा १९७६मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या ‘डेटर्स अनॉनिमस’ या कर्जात अडकलेल्यांच्या गटाच्या बैठकांना जावे. या बैठकांना फी नसते आणि आडनाव सांगावे लागत नाही.