पत्र म्हणजे पुस्तक नव्हे

दादरच्या एका सभागृहात परवा एका ज्येष्ठ कलासमीक्षकांनी ठणकावून सांगितलं, की व्हिन्सेंट व्हॅन गॉगची पत्रं वाचायची तर छापील खंडांतच. पडद्यावर माणूस वाचत नाही, नुसता सरकवत जातो. तिथे लक्ष ठरत नाही, टिपांची गर्दी मजकूर गिळते, संकेतस्थळ उद्या बंद पडेल, आणि पत्राचा जिव्हाळा कागदावरच कळतो. टाळ्या पडल्या. मला राग आला, तो अजून उतरलेला नाही.

लक्ष वाचणाऱ्याचं असतं, पडद्याचं नव्हे. टिपा नको असतील त्याने उघडू नयेत. पण ‘कागदावरच’ हा शब्द मी सोडणार नाही.

कोणाच्या कागदावर? व्हिन्सेंटच्या की प्रकाशकाच्या? व्हिन्सेंटचा कागद शाईचा, घड्यांचा, मजकुरातच चित्र काढलेला. १६ ऑक्टोबर १८८८ला त्याने भाऊ थिओला आर्लमधल्या आपल्या झोपायच्या खोलीचं रेखाटन पाठवलं आणि रंग शब्दांत सांगितले. भिंती फिक्या जांभळ्या, असं तो लिहितो. आज चित्रात त्या निळ्या दिसतात, कारण त्यातला तांबडा विटला. चित्रातून उडालेला रंग पत्रात शाबूत आहे! २००९ साली खुल्या झालेल्या त्याच्या पत्रांच्या संकेतस्थळावर हे पत्र त्याच्या हस्ताक्षरात दिसतं, सोबत मूळ फ्रेंच मजकूर आणि इंग्रजी अनुवाद. इंग्रजी खंड घेणारा अनुवाद वाचतो. पॅरिसला गेल्यानंतर हा डच माणूस सख्ख्या भावालाही बहुतेक वेळा फ्रेंचमध्ये लिहू लागला. भाषेची ती उलथापालथ सलग इंग्रजीत कशी जाणवणार? मग कागदाच्या जवळ कोण गेलं?

आणि छापील म्हणजे अस्सल, हे कुणी ठरवलं? थिओची विधवा योहाना हिने १९१४ साली व्हिन्सेंटने थिओला लिहिलेली पत्रं पुस्तकरूपात आणली. तिचे उपकार मोठे आहेत. पण घरातल्या नाजूक गोष्टी तिने गाळल्या, काही नावं आद्याक्षरांमागे झाकली. आपल्याकडे कथाकार जी. ए. कुलकर्णींच्या पत्रांचे खंड गिरगावातल्या खटाववाडीतून मौज प्रकाशनाने काढले. जी. ए. स्वतः चित्रंही काढत. ते खंड मी जिवापाड जपले आहेत, तरी त्यांच्या नावातच ‘निवडक’ आहे. छपाईला पानं मोजावी लागतात.

हा वाद मला नवा नाही. माझे वडील गिरगावातल्या एका छापखान्यात खिळे जुळवत. ऑफसेट आलं तेव्हा तिथल्या जाणत्यांनी हेच म्हटलं होतं, की अक्षर कागदात रुतलं नाही तर ते वाचणं कसलं? वडीलही तसंच म्हणत. पुढे त्यांनी ऑफसेटवर छापलेली पुस्तकं रात्र रात्र जागून वाचली.

स्थळ बंद पडण्याची भीती मात्र खरी आहे. म्हणून खंडही हवेत, दादरच्या ग्रंथालयात नक्की हवेत.

माझं म्हणणं एवढंच: व्हिन्सेंटची आणि त्याला आलेली मिळून ९०२ पत्रं संकेतस्थळावर आहेत, फुकट, कुणाच्याही हातात. माझी भाची लालबागला एका खोलीत राहते, घरात पाच माणसं. त्या पत्रांचे सहा जाडजूड छापील खंड ठेवायला तिथे फळी नाही. ती चित्रकला शिकते. रात्री दिवा मालवल्यावर अंथरुणात मोबाइलवर ती एकेक पत्र वाचते, आणि रेखाटन आलं की दोन बोटांनी मोठं करून शाईची रेघ कुठे जाड झाली ते बघते. परवा तिने मला विचारलं, “मामा, ह्याने खुर्ची आधी काढली असेल की पलंग?” आम्ही दोघं बराच वेळ त्या रेघा बघत बसलो.