वजन समाधानकारक आहे

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग
आणि
मा. मंत्री, महिला व बालविकास विभाग
मंत्रालय, मुंबई

विषय : डोक्याचा घेर

महोदय, महोदया,

दोघांना एकाच पत्रात लिहिते आहे, कारण एकाला लिहिलं की ते दुसऱ्याचं काम निघतं. अंगणवाडी एका खात्याची, तपासणी दुसऱ्या खात्याची, पोरगी तेवढी माझी.

माझे तीन अर्ज झाले. कोणत्या कार्यालयात दिले ते इथे लिहीत नाही. पोच तिन्हींची आहे, उत्तर एकाचंच आलं. बालकाचं वजन समाधानकारक असल्याने वेगळ्या कार्यवाहीची गरज नाही, असा त्याचा आशय. मी वजनाचं विचारलंच नव्हतं.

परभणी जिल्ह्यातल्या एका गावात मी ब्लाऊज शिवते. मुलगी एकोणीस महिन्यांची आहे. धरल्याशिवाय उभी राहत नाही. 'आई' म्हणते, की आम्हालाच तसं ऐकू येतं, कोण जाणे. मागच्या महिन्यात तापासाठी शहरातल्या बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी ताप बघितला आणि मग खणातून टेप काढून तिच्या भुवयांवरून डोक्याच्या मागच्या उंचवट्याभोवती तीनदा फिरवली. ४२.६ सेंटिमीटर. अठरा महिन्यांच्या मुलीचा मध्य ४६.२ असतो, ४३.५ च्या खाली गेलं की लक्ष घालायचं, असं त्यांनी तक्त्यावर बोट ठेवून सांगितलं. शब्दही सांगितला, मायक्रोसेफली. लगेच म्हणाले, एका मापावर काही ठरत नाही, काही घराण्यांत डोकी लहानच असतात आणि पोरं चांगली निघतात. माझं डोकं मोजलं, आमच्या ह्यांचं मोजलं. नात्यातलं लग्न का? होय, आत्याचाच मुलगा. जन्मल्यावर लगेच रडली का, झटके आले का, मेंदूज्वर झाला का, पोटात असताना तुम्हाला ताप आणि पुरळ होतं का, सगळं विचारून झालं. शेवटी विचारलं : जन्मताना घेर किती होता? सहाव्या महिन्यात? वर्षाची झाली तेव्हा?

मी पिशवीतून कार्ड काढून दिलं. त्यांनी ते उलटून पालटून बघितलं आणि परत दिलं.

आता हिशोब करा. करणारे तुमच्याकडे पुष्कळ आहेत. जन्मानंतरच्या ४२ दिवसांत आशाताईंच्या ६ भेटी. पुढे तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्यांच्या ५. लसीकरणाच्या ६ वेळा. अंगणवाडीत दरमहा वजन आणि उंची, १८ वेळा. बेरीज ३५. आमच्या ताई एकही खेप चुकल्या नाहीत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. वजनाचे १८ आकडे आहेत, उंचीचे १८ आहेत. डोक्याचा एकही नाही. जन्माच्या कागदावर 'डोक्याचा घेर' असं छापलेलं आहे आणि त्यापुढे एक आडवी रेघ आहे. रेघ मात्र सरळ मारली आहे.

त्या रेघेने काय झालं ते सांगते. मुलीचं डोकं जन्मताना साधारण ३३.९ असतं आणि वर्षाला ४४.९ होतं. पहिल्या एका वर्षात ११ सेंटिमीटर. दुसऱ्या वर्षात जेमतेम सव्वादोन. म्हणजे जेव्हा वाढायचं तेव्हा कुणी मोजलं नाही आणि वाढ मंदावल्यावर मोजलं. जन्मताना ३४ असेल आणि पुढे मागे पडलं असेल, तर मधे काहीतरी घडलं. जन्मतानाच ३१ असेल, तर कारण पोटातलं किंवा रक्तातलं. दोन्हींचे तपास वेगळे, खर्चही वेगळे. डॉक्टरांना चार टिंबं जोडायची होती, माझ्याकडे एकच आहे. म्हणून तीन महिने थांबून दुसरं टिंब काढायचं ठरलं आहे.

घेराचा तक्ता जागतिक आरोग्य संघटनेने २००७ सालीच छापला. खाजगी डॉक्टरांच्या लसीकरणाच्या पुस्तकात तो असतो. आमच्या कार्डावर वजनाचे रंगीत पट्टे आहेत. २०२१ पासून तुमचं पोषण ट्रॅकर ॲप आहे, त्याला वजन आणि उंची हवी असते. वजनकाटा दिलात, इन्फंटोमीटर दिला, स्टेडिओमीटर दिला, अंगणवाडीताईंना मोबाईलसुद्धा दिलात. टेप पंधरा रुपयांना मिळते. ती द्यायला कोणत्या खात्याची मंजुरी लागते, हे तुम्ही दोघांनी चहा घेता घेता ठरवलं तरी चालेल.

टेप माझ्या गळ्यातही असते, दिवसभर. पोरगी सहा महिन्यांची होती तेव्हा नेहमीच्या मापाने तिला कुंची शिवली, ती सैल झाली. माझंच माप चुकलं म्हणून दोन टिपा जास्त मारून लहान केली. ह्यामुळे मला झोप लागत नाही, आणि ह्याचं उत्तर मी तुमच्याकडे मागत नाही.

पण गावाकडे उत्तरं भरपूर आहेत. सासूबाई म्हणतात टाळू लवकर भरली. शेजारी म्हणतात ग्रहणात कात्री चालवली. २०२३ च्या कोजागिरीला चंद्रग्रहण होतं, मला सहावा महिना होता आणि दिवाळीचे ब्लाऊज पडले होते. चालवली कात्री. कागदावर जन्माचा आकडा असता, तर निदान ह्या लोकांपुढे ठेवायला काहीतरी असतं.

२०१३ पासून बालस्वास्थ्य कार्यक्रम आहे, तपासणीचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत यावं असा नियम आहे. दीड वर्षाचं लेकरू अंगणवाडीत बसत नाही, त्याची आई आहाराचं पाकीट घ्यायला जाते. २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात झिका आला तेव्हा लहान डोक्याची बाळं टीव्हीवर रोज दिसायची. माझी तेव्हा पाच महिन्यांची होती, माझ्या मांडीवरच. पुण्याकडे बघून झाल्यावर कुणी इकडे बघेल असं मला वाटलं होतं. जगात जर्मनी, भारतात परभणी असं आम्ही उगाच म्हणतो का?

आजाराचं नाव ठरेपर्यंत थांबू नका, व्यायाम सुरू करा, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून आठवड्यातून दोनदा तिला घेऊन एसटीने शहरात जाते. बाईला तिकीट निम्मं लागतं, त्याबद्दल मनापासून आभार. बुडालेल्या शिवणाला सवलत नाही. एमआरआय सांगितला आहे, त्यासाठी लेकराला झोपेचं औषध देऊन निजवावं लागतं. उपचारांच्या पाच लाखांच्या योजनेचं विचारलं, तर ती दाखल झालेल्या पेशंटला. माझी दाखल नाही. ती घरी वाटीवर चमचा वाजवते आहे.

मागच्या मंगळवारी मी माझी टेप घेऊन अंगणवाडीत गेले. एकेका पोराचं डोकं तीन-तीनदा मोजलं, त्यांच्या आयांसमोर. २३ लेकरं, २३ आकडे, तारखेसकट. वही ताईंकडे ठेवली आहे. भरायला रकाना नाही, असं त्या म्हणतात.

आपली,
एक आई