भट्टीचं दार आणि पायडल



मागल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत अंदाजपत्रकातल्या एका बारक्या बाबीवर मोठा हशा झाला होता, तो पुष्कळांच्या ध्यानात असेल. बॉयलर विभागाच्या दुरुस्तीत भट्टीची जुनी तपासणी-दारं काढून आपोआप मिटणारी दारं बसवावीत, एवढीच ती बाब. मागच्या रांगेतून एक सभासद उठले आणि म्हणाले, "दार उघडायला देवानं माणसाला हात दिल्यात की! ह्यो खर्च कशापायी?" टाळ्या पडल्या आणि ती बाब 'पुढील वर्षी विचार करू' म्हणून बाजूला गेली.

खरं सांगायचं तर त्या दिवशी आम्हीही हसलो. पण नंतर ते हसू आम्हालाच बोचू लागलं. कारण हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत आगगाडीच्या इंजिनावर निघाला होता, आणि तो तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. ती हकीकत सभासदांनी वाचावी आणि मग हसायचं की नाही ते ठरवावं, म्हणून हा लेखनप्रपंच.

वाफेचं इंजिन ज्यांनी पाहिलं आहे त्यांना आठवेल. ड्रायव्हर उभा राहतो त्या जागेसमोरच भट्टीचं तोंड असे. मागच्या डब्यात कोळसा, पुढं भट्टी आणि मध्ये फावडं घेऊन फायरमन. भट्टीतला जाळ हजार अंशांच्या वर. फायरमननं वळायचं, फावडं भरायचं, परत वळायचं आणि नेमक्या जागी कोळसा फेकायचा. तेही धावत्या, हेलकावणाऱ्या इंजिनावर.

आता थोडा हिशेब करू. फावड्यात सुमारे सात किलो कोळसा मावतो असं धरा. तासाला एक टन कोळसा घालायचा तर सुमारे १४३ फावडी झाली. मोठ्या इंजिनांवर याच्या दुप्पट कोळसा एकट्यानं घालण्याची पाळी येई. प्रत्येक फावड्याला दार एकदा उघडायचं आणि एकदा मिटायचं, म्हणजे टनामागं २८६ वेळा दाराला हात लावायचा. आणि हात कुठले? दोन्ही हात तर फावड्याला गुंतलेले! "देवानं हात दिल्यात" हे खरं, पण दोनच दिलेत.

मग फायरमन काय करी? एक तर जोडीदारानं साखळी ओढून दार उघडून धरायचं. नाहीतर फावड्यावरचा एक हात काढून स्वतः ओढायचं. नाहीतर सरळ दार उघडंच टाकायचं आणि कोळसा मारत राहायचं. कंटाळलेला माणूस तिसरी वाट धरतो, हे सांगायला नको.

दार उघडं राहिलं की काय होतं, हे आपल्या गुऱ्हाळघरावर ज्यांनी चुलवाणाला जाळ घातला आहे त्यांना चटकन समजेल. भट्टीला हवा खालून, जाळीतून यायला हवी. ती कोळशातून वर जाते तेव्हा जाळ भडकतो. वरचं दार उघडं असलं की हवा सोपी वाट धरते. ती दारातून शिरते आणि जाळावरून थंडगारच पुढं जाते. खालचा ओढा कमी होतो आणि जाळ मंदावतो. इंजिनात आणखी एक भानगड असे. भट्टीच्या पुढच्या पत्र्यात नळ्यांची तोंडं बसवलेली असतात. तापलेल्या नळ्यांवर गार हवेचा झोत बसला की त्या आकसतात, पुन्हा तापल्या की फुगतात. असं दिवसभर चाललं की सांधे ढिले होऊन पाणी गळू लागतं. म्हणजे कोळसा वाया, वाफ कमी आणि वर दुरुस्तीचा खर्च.

हे झालं यंत्राचं. माणसाचं काय? उघड्या दाराची धग पोटावर आणि तोंडावर. रात्री त्या लखलखाटानं डोळे दिपले की बाहेरचा सिग्नल दिसायचा नाही. आणि सर्वांत वाईट म्हणजे उलटा जाळ. धुराड्याचा ओढा एकाएकी तुटला, किंवा आतली नळी फुटली, तर जाळ आणि वाफ दारातून बाहेर उसळते. त्या वेळी दार मिटलेलं असलं तर माणूस वाचण्याची आशा. उघडं असलं तर समोर उभा असलेला फायरमनच पहिला सापडायचा.

यावर अमेरिकेत जो तोडगा निघाला तो इतका साधा आहे की खेड्यातल्या मिस्त्रीलाही पटावा. दाराच्या दोन झडपा केल्या, फुलपाखराच्या पंखांसारख्या दोन बाजूंना सरकणाऱ्या. म्हणून त्याला फुलपाखरू-दार हेच नाव पडलं. गाडीच्या ब्रेकसाठी इंजिनावर दाबाची हवा असतेच. तीच हवा एका लहान सिलिंडरला दिली. फायरमनचा पाय जिथं आपसूक पडतो तिथं जमिनीवर एक पायडल बसवलं. फावडं फेकायला पाय पुढं टाकला की पायडल दबतं, हवा सिलिंडरमध्ये शिरते आणि झडपा फाकतात. पाय उचलला की हवा सुटते आणि झडपा आपल्या वजनानं मिटतात. हवा नसली तर हातानं उघडायला दांडा ठेवलेला असे. फ्रँकलिन रेल्वे सप्लाय कंपनीची अशी दारं तिकडं प्रसिद्ध होती.

यातली खरी खुबी उघडण्यात नाही, मिटण्यात आहे. उघडणं तर हातानंही होतं. पण पायाखाली पायडल असल्याशिवाय जे दार उघडं राहतच नाही, ते माणूस विसरला, दमला, घसरला, पळाला तरी मिटतं. माणसाच्या सावधपणावर विसंबायचं नाही, हा त्यातला विचार आहे.

एक गोष्ट इथंच सांगितली पाहिजे, नाहीतर आमचे इंजिनिअर मित्र आम्हाला पकडतील. जाळाच्या वरून हवा मुळीच नको असं नाही. धूर जळण्यासाठी थोडी हवा वरूनही लागते. पण ती मोजून, ठरलेल्या वाटेनं द्यायची असते. उघड्या दारानं ती मोजली जात नाही.

आता भांडणाकडं येऊ. दार चांगलं, कोळसा वाचतो, माणूस वाचतो, मग सगळ्या कंपन्यांनी ते आनंदानं बसवलं असेल असं वाटेल. तसं झालं नाही. पुष्कळ इंजिनांवर जुनी हातानं उघडायची दारंच राहिली. तेव्हा १९२४ साली जॉर्जिया राज्यानं कायदा केला की इंजिनाच्या भट्टीला आपोआप चालणारं दार असलंच पाहिजे. विस्कॉन्सिन राज्यानं तसाच, इंजिनावरच्या माणसांना थंडीवाऱ्यापासून आडोसा म्हणून पडदे लावण्याचा कायदा केला. रेल्वे कंपन्या न्यायालयात गेल्या. नेपियर विरुद्ध अटलांटिक कोस्ट लाइन या नावानं तो खटला ओळखला जातो. नोव्हेंबर १९२६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला आणि तो न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी लिहिला. निकाल राज्यांच्या विरुद्ध गेला.

का गेला? दार वाईट म्हणून नव्हे. न्यायालयाचं म्हणणं असं की इंजिनावर कोणती साधनं असावीत हे ठरवण्याचा अधिकार मध्यवर्ती कायद्यानं आंतरराज्य वाणिज्य आयोगाला दिला आहे, तेव्हा राज्यांना त्यात हात घालता येणार नाही. पण आयोगानं दाराबाबत काही नियम केला होता का? नव्हता. तरीसुद्धा अधिकार त्याचाच. राज्यांच्या मते संरक्षण अपुरं असेल तर त्यांनी आयोगाकडं जाऊन मागावं, असं निकालात सांगितलं.

कायद्याच्या दृष्टीनं तो निकाल बरोबर असेल. त्यावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. पण फायरमनच्या जागी उभं राहून बघा. राज्यानं 'दार बसवा' म्हटलं, तर त्याला तो अधिकार नाही. आयोगाला अधिकार आहे, पण त्यानं म्हटलेलं नाही. कंपनीला कुणी अडवलेलं नाही, पण हुकूम नाही म्हणून ती बसवत नाही. दार चांगलं की वाईट हा मूळ प्रश्न बाजूलाच राहिला आणि हुकूम कुणाचा एवढ्यावरच सारा वाद झाला. फायरमन मात्र साखळी ओढतच राहिला.

याच्या उलट एक उदाहरण इंग्लंडातलं आहे. तिथल्या सदर्न रेल्वेचे मुख्य इंजिनिअर बुलीड यांनी १९४१ साली 'मर्चंट नेव्ही' जातीची नवी इंजिनं काढली, तेव्हा त्यांना पायानं चालणारं, वाफेच्या जोरावर उघडणारं भट्टीचं दार बसवलं. इंजिनावर विजेचे दिवेही दिले. तो महायुद्धाचा काळ होता, काटकसर तर सगळीकडं चालू होती. तरीही करणाऱ्यानं ते केलं.

सभासदांनो, आता आपल्या भट्टीकडं या. कुणी म्हणेल, आपल्याकडं कोळशाचं फावडं कुठं आहे? बगॅस पट्ट्यावरून येतो आणि यंत्रानं भट्टीत फेकला जातो. बरोबर आहे. पण जाळीवर बगॅसचा ढीग बसला तर तो कोण फोडतो? दार उघडून, लांब सळई घालून माणूसच फोडतो. जाळ कसा आहे ते वाकून कोण बघतो? राख अडकली तर कोण ओढतो? ऐन हंगामात रात्रपाळीला, चोवीस तास गाळप चालू असताना हे काम होतं. आय. डी. फॅन अचानक बंद पडला तर भट्टीतला ओढा तुटतो आणि जाळ मिळेल त्या दारातून बाहेर येतो. त्या दारासमोर उभा असलेला माणूस बहुधा आपल्याच गावचा, कुणाचा चुलतभाऊ, कुणाचा भाचा असतो.

आणि ज्यांना खर्चाचीच काळजी आहे त्यांनीही ऐकावं. बगॅसमध्ये जवळजवळ निम्मं पाणी असतं. असलं ओलं जळण भट्टी गार झाली की लगेच धुमसतं. नको तिथून शिरलेली हवा आपण जळणावर तापवतो आणि धुराड्यातून आभाळात सोडतो. ती उष्णता आपल्या उसाचीच असते. बगॅस आता फेकायची वस्तू राहिलेली नाही, त्याच्यावर वीज होते. दाराच्या फटीतून जातो तो आपलाच पैसा, फक्त ताळेबंदात त्याचा वेगळा आकडा दिसत नाही.

दुसरी बाजूही आम्ही लपवत नाही. अशी दारं बसवून भागत नाही, ती राखावी लागतात. राखेनं बिजागऱ्या आखडतात, सिलिंडरमध्ये धूळ जाते. मग कुणीतरी दार तारेनं बांधून उघडं ठेवतो आणि नवं दार जुन्याहून वाईट ठरतं. असं होऊ द्यायचं नसेल तर दर हंगामाआधी त्यांची तपासणी झाली पाहिजे. आणि पायडलच हवं असा आमचा हट्टही नाही. नुसत्या वजनानं मिटणारं दार पुरत असेल तर तेच बसवा. कोणतं चांगलं ते चीफ इंजिनिअरनी ठरवावं. पण ठरवण्याआधी रोज ते दार उघडणाऱ्या माणसालाही एकदा विचारावं. पायडल नेमकं कुठं हवं, हे ज्याचा पाय तिथं पडतो त्यालाच ठाऊक.

कुणी असंही म्हणेल की कायद्यात हे लिहिलेलं नाही. आपल्या देशात १९२३ साली बॉयलरचा कायदा झाला आणि २०२५ साली त्याच्या जागी नवा आला. बॉयलर फुटू नये हा त्याचा मुख्य रोख, आणि तो योग्यच आहे. पण कायदा सांगतो ते कमीत कमी. तेवढ्यावरच थांबायचं असेल तर सहकार कशाला काढला? अमेरिकेतल्या फायरमनला सांगायला जागा होती की कंपनी माझी नाही, आयोग माझा नाही. आपल्याला ती सोय नाही. इथं मालक आपण, सभा आपली, ठराव आपला आणि भट्टीसमोरचा माणूसही आपलाच. हुकूम कुणाचा, हा प्रश्न आपल्या कारखान्यात पडूच शकत नाही.

तेव्हा आमची विनंती एवढीच. येत्या सर्वसाधारण सभेत ती बाब पुन्हा यावी आणि या वेळी हशात जाऊ नये. सभेआधी सभासदांनी सवड काढून एकदा बॉयलर हाऊसमध्ये जावं. हंगाम चालू असताना, परवानगी काढून, खातेप्रमुखांना सोबत घेऊन, त्या दारापासून जरा अंतरावर पाच मिनिटं उभं राहावं. ज्या सभासद मित्रांनी हातांची गोष्ट काढली, त्यांना आम्ही स्वतः बरोबर नेऊ. ते मनाचे मोकळे आहेत, आम्ही त्यांना ओळखतो. धग तोंडावर आली की तेच ठरावाला अनुमोदन देतील, याची आम्हाला खात्री आहे.